काकाचं टायरपुराण

पोरी, जुनी पोलो जीटी टीएसआय घेतलीस हे झकास केलंस. चाकणच्या कारखान्यातून निघालेली ती छोटी गाडी अजूनही घाटात भल्याभल्यांना मागे टाकते. पण गाडी घरी आली नाही तोच तू मला सतरा इंची मॅगव्हीलचा भाव विचारलास, म्हणून पहिलं तेच सांगतो. रिमला हात लावायचा नाही. पैसे टायरवर घाल.

तुझ्या गाडीचं मूळ माप १८५/६० आर १५. आधीच्या मालकाने बदललं नसेल तर टायरच्या बाजूला हेच लिहिलेलं सापडेल. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे त्या रुंदीच्या साठ टक्के, ती टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. हिशोब केलास तर १११ मिलिमीटर. आता सतरा इंची रिमवर २०५/४५ चढव, तीच भिंत ९२ वर येते. दिसायला गाडी एकदम ऐटबाज, मान्य. पण खड्डा रिमच्या तेवढा जवळ आला, आणि आपल्याकडचे खड्डे तुला मी काय सांगू? कडेवर चाक जोरात आपटलं की भिंतीच्या आतले धागे तुटतात आणि तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. ‘चालेल ताई, मागच्या चाकाला टाकू’ असं कोणी म्हणालं तर त्या दुकानातून उठून ये. शिवाय मोठं रिम बहुतेक वेळा जड असतं, आणि चाकाचं वाढलेलं वजन स्टिअरिंगला, सस्पेन्शनला, सगळ्यालाच जाणवतं.

बदल करायचाच असेल तर पंधराच्याच रिमवर १९५/६० घे. रुंदी दहा मिलिमीटरने वाढते, भिंत ११७ होते, म्हणजे खड्ड्यालाही थोडी जास्त गादी. चाकाचा व्यास दोन टक्के वाढतो, त्यामुळे स्पीडोमीटरचा काटा पूर्वीपेक्षा तेवढाच मागे राहील. कंपन्या काटा मुळातच जरा पुढे ठेवतात, म्हणून त्याने फारसं बिघडत नाही. मात्र विमा कंपनीला माप बदलल्याचं लेखी कळव. २०५ चा मोह नको. टायर जितका रुंद तितका तो पाण्यावर लवकर तरंगतो, आणि तू तर दर पावसाळ्यात ताम्हिणीला जाणार.

हेच मला खरं सांगायचंय. लोक ‘परफॉर्मन्स टायर’ म्हटलं की वळणाचा वेग मोजतात. मी थांबण्याचं अंतर मोजतो, तेही ओल्या रस्त्यावरचं. तुझ्या गाडीचं १७५ न्यूटन मीटर टॉर्क पुढच्या दोनच चाकांतून जमिनीवर उतरतं. वळायचं तीच चाकं, ओढायचं तीच, आणि ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं म्हणून थांबवायचं कामही जास्त तीच करतात. एकेक टायर जमिनीला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. जून महिन्यातला पहिला पाऊस पडला की रस्त्यावर वर्षभराचं तेल आणि धूळ मिळून जो लेप तयार होतो, त्यावर त्या दोन तळहातांची परीक्षा असते. कोरड्या रस्त्यावर कुठलाही बरा टायर शहाणा वाटतो.

म्हणून नक्षी बघताना आधी गोल फिरणाऱ्या उभ्या चरी बघ. त्या रुंद आणि खोल हव्यात, पाणी त्यांतूनच बाहेर पडतं. मग रबर. ज्या रबरात सिलिका चांगली असते ते ओल्या रस्त्याला धरतं. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कंपनीची कुठली मालिका कशासाठी आहे ते विचारून घे. मिशेलिनचंच बघ. एनर्जी नावाची मालिका टिकण्यासाठी आणि पेट्रोल वाचवण्यासाठी, पायलट स्पोर्ट पकडीसाठी. दोन्हींवर नाव एकच असलं तरी स्वभाव वेगळे. दुकानदार ‘मिशेलिन टाकतो’ एवढंच म्हणाला तर त्याने काहीच सांगितलेलं नाही.

बाजूला ‘ट्रेडवेअर’ असा आकडा असतो. तीनशेच्या आसपासचा मऊ, पकडणारा, लवकर झिजणारा. पाचशेच्या पुढचा कडक, दीर्घायुषी. पण हा आकडा प्रत्येक कंपनी आपला आपण ठरवते, तेव्हा एका कंपनीचे दोन टायर त्यावरून तोल, दोन कंपन्यांचे नको. शेजारी ‘ट्रॅक्शन’चं अक्षर असतं, ते ओल्या रस्त्यावर ब्रेक मारून ठरवलेलं. ए किंवा डबल ए असेल तर घे, बी असेल तर पुढचा टायर दाखवायला सांग. तू रोज ऑफिसला जातेस आणि शनिवारी-रविवारी घाट गाठतेस, तुला अगदी मऊ रबर परवडायचं नाही. मधला घे.

अजून एक. वाचून वाचून तू एखाद्या परदेशी टायरवर जीव लावशील आणि तो पंधरा इंचात मिळणारच नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, त्यानंतर छोट्या मापांचा बाहेरचा माल दुर्मीळ झाला. इथे बनलेल्यांतून निवड, वाईट नाहीत ते. मापापुढे ८८ व्ही किंवा ८८ एच असं लिहिलेलं असतं. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० आणि व्ही म्हणजे २४० किलोमीटरपर्यंत तो टिकतो. तू त्या वेगाने जाणार नाहीस (जाऊ नयेस!), पण एचच्या खालचं या गाडीला घेऊ नकोस.

दुकानात गेलीस की बसवण्याआधी चारही टायरचा जन्म बघ. डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २२२४ म्हणजे २०२४ मधला बाविसावा आठवडा. जास्त सूट मिळत असेल तर हे आकडे दोनदा वाच, सूट बहुधा तिथूनच आलेली असते. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षाच्या वरचा मी घेत नाही. एका बाजूवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असेल तर ती बाहेरच दिसली पाहिजे. बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेने हवा. पोरं घाईत असतात, उलटं बसवतात. फोक्सवॅगनच्या चाकाला नट नाहीत, बोल्ट असतात, ते १२० न्यूटन मीटरला घट्ट करायचे. एअर गनने करकचून आवळलेले बोल्ट रस्त्यात पंक्चर झाल्यावर तुला सुटायचे नाहीत. शेवटचा पीळ टॉर्क रेंचने द्यायला लाव, हसले तर हसू दे. मग अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. जुने टायर आतल्याच कडेला खाल्ले गेले असतील तर अलाइनमेंटशिवाय नवेही तसेच खाल्ले जातील.

चार टायर एकदम घेण्याइतके पैसे नसतील तर दोन घे, पण नवी जोडी मागे टाक. इथे तुझ्याशी सगळे भांडतील. ओढतात पुढची चाकं, मग नवे मागे कशाला? कारण ओल्या वळणावर पुढचं चाक घसरलं तर ते स्टिअरिंगमध्ये कळतं, पाय उचललास की गाडी परत धरते. मागचं घसरलं की गाडी फिरते, आणि ते सावरणं भल्या ड्रायव्हरला जमत नाही.

हवा सकाळी, गाडी थंड असताना. नेमकं किती ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलंय, पंपावरच्या पोराच्या ‘पस्तीस-पस्तीस’वर जाऊ नकोस. स्वतःचा गेज घे. एक्स्प्रेसवेवर उन्हात तासभर पळाल्यावर दाब वाढलेला दिसेल, तो तापल्यामुळे. तेव्हा हवा काढायची नाही. नायट्रोजनला पैसे मोजू नकोस, साध्या हवेत ७८ टक्के तोच आहे. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी उरेपर्यंत टायर चालतो, मी तीनला बदलतो, आणि तेही मे महिन्यात.

नवे टायर बसल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने चालव. साच्यातून सुटावा म्हणून टायरला जे लावतात ते वरच्या थरावर असतं, तोवर पकड पुरी येत नाही. स्टेपनीतली हवाही त्याच दिवशी बघून घे. आणि जुन्या टायरचे पैसे बिलातून वजा करून घे, दुकानदार आपणहून बोलणार नाही.