माहितीसंचातील भरणा आणि नाकारलेल्या नोंदी

झाशी जिल्ह्याचे विभाजन होऊन १९७४ साली ललितपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि तालबेहटचा परिसर त्यात गेला. जुन्या कागदपत्रांत मात्र 'तालबेहट, जिल्हा झाशी' असा पत्ता आढळू शकतो. समजा, वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाच्या लाभार्थींची अशी एखादी जुनी यादी संगणकीय माहितीसंचात एकदम भरावयाची आहे. तालबेहटच्या त्या वृद्धेच्या नोंदीचे काय होईल?

ओरॅकल माहितीसंचासोबत मिळणारे 'एसक्यूएल लोडर' हे साधन अशा भरण्यासाठीच असते. प्रथम ते स्वतः ओळ तपासते. अवतरणचिन्ह अपुरे असेल किंवा रकाना ठरलेल्या लांबीहून मोठा असेल, तर ओळ तेथेच नाकारली जाते. त्यातून सुटलेली ओळ माहितीसंच तपासतो. ३१ फेब्रुवारी ही जन्मतारीख, दुबार आलेला लाभार्थी क्रमांक, किंवा मूळ तक्त्यात नसलेली जिल्हा-तहसिलीची जोडी त्याला मान्य होत नाही. दोन्ही प्रकारच्या नाकारलेल्या ओळी 'बॅड फाइल'मध्ये जातात व कारण 'लॉग फाइल'मध्ये नोंदले जाते. 'डिस्कार्ड फाइल' ही वेगळी बाब होय. आपणच घातलेल्या अटीत न बसणाऱ्या ओळी तिच्यात जातात. त्या चुकीच्या नसतात. परीक्षार्थींचा गोंधळ येथेच होतो.

विशेष निर्देश नसेल तर ५० चुकांपर्यंत भरणा चालू राहतो, त्यापुढे थांबतो. ही मर्यादा लाखावर नेऊन मोकळे होण्याची सवय प्रस्तुत लेखकास धोक्याची वाटते. साठवणुकीची जागा संपणे हा मात्र कोणत्याही एका ओळीचा दोष नव्हे. तेव्हा काम थांबते, कायम झालेल्या नोंदी तशाच राहतात आणि 'स्किप' निर्देश देऊन पुढील ओळींपासून पुन्हा आरंभ करता येतो.

वेगासाठी 'डायरेक्ट पाथ' पद्धत निवडल्यास चित्र पालटते. तक्त्यांमधील परस्परसंबंधांचे नियम भरण्याच्या काळात स्थगित होतात. त्यामुळे तालबेहटची ओळ नाकारली न जाता मुख्य तक्त्यात जाऊन बसते. नियम पुन्हा लागू करताना दोष उघड होतो. अपवाद-तक्ता नेमला असेल तर तिचा ठावठिकाणा तेथे मिळतो. दुबार क्रमांकही आत शिरतात आणि त्यांची अनुक्रमणिका निरुपयोगी ठरते.

नेहमीच्या पद्धतीत त्या वृद्धेची ओळ बॅड फाइलमध्ये राहते. जिल्हा दुरुस्त करून ती पुन्हा भरता येते. पण ते वेळीच झाले पाहिजे. कारण पुढील भरण्यात त्याच नावाची बॅड फाइल तयार झाली, तर जुनी पुसली जाते.