छोटी रेल्वे : साल आणि दिवे

आमच्या गलोंड्याला रेल्वे नाही. गाडी पाहायची तर वापी गाठावे लागते. पण रेल्वेची प्रतिकृती घरीही करता येते. पुण्यात १९९८ पासून जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालयच आहे.

ताळेबंदावर जशी तारीख, तसे प्रतिकृतीला साल हवे. समजा, १९७५ ची डिझेल प्रवासी गाडी करावयाची आहे. डब्ल्यूडीएम-२ इंजिन चालेल. ते भारतात १९६२ मध्ये आले. पेरांबूरचे डबे मात्र गडद तांबडे हवेत. निळा रंग १९९० नंतरचा. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात २१.३ मीटरचा डबा सुमारे २४.५ सेंटिमीटर भरतो.

आता दिवे. त्या काळच्या साध्या डब्यांत पिवळसर बल्ब असत. म्हणून एलईडीही पिवळसर घ्यावा. छोट्या रुळांत १२ व्होल्टचा प्रवाह असतो. गाडी उलटी नेताना धन-ऋण बदलते आणि एलईडी विझतो. यासाठी चार डायोडचा पूल जोडावा. त्यात १.४ व एलईडीत ३ व्होल्ट खर्ची पडतात. उरलेल्या ७.६ व्होल्टसाठी, ५ मिलिअँपिअर प्रवाह धरल्यास, सुमारे १,५०० ओहमचा रोधक लागतो.

वडीलधाऱ्यांनी ज्या गाडीतून प्रवास केला ती आता रुळांवर दिसत नाही. पुढच्या पिढीला ती प्रतिकृतीतूनच कळणार. म्हणून रंग आणि उजेड खरा असावा.