वेष्टनांचे संग्रहालय

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयास लोक कौतुकाने ‘अजब बंगला’ म्हणतात. १८६३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात प्राचीन शिल्पे, शस्त्रे व नाणी जतन करून ठेविलेली आहेत. ती पाहिली म्हणजे पूर्वीच्या राजांचे वैभव आपल्या ध्यानी येते. परंतु सामान्य माणूस बाजारातून काय विकत आणीत असे, त्याचा साबण कोणत्या कागदात गुंडाळलेला असे, हे कोणास विचारावे? राजाची तलवार पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते. साबणाचे वेष्टन मात्र त्याच दिवशी केरात जाते. जी वस्तू घरोघरी असते तिची किंमत कोणी करीत नाही, आणि म्हणूनच ती सर्वांआधी नाहीशी होते.

हे सत्य रॉबर्ट ओपी या इंग्रज मुलास उमगले. १९६३ साली तो अवघा सोळा वर्षांचा होता. इन्व्हर्नेसच्या रेल्वे स्थानकावर त्याने चॉकलेटची पुडी विकत घेतली. खाऊ संपला, पण वेष्टन टाकून देण्यास त्याचा हात धजेना. हे फेकले तर इतिहासाचा एक तुकडाच आपण फेकू, असे त्यास वाटले. त्या दिवसापासून तो डबे, बाटल्या, वेष्टने जमवू लागला. १९८४ साली त्याने ग्लॉस्टर येथे त्यांचे संग्रहालय उघडले. २००५ पासून ते लंडनमध्ये आहे. तेथे ही वेष्टने कालक्रमाने मांडलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई पडली, तेव्हा वेष्टनेही लहान व साधी झाली. युद्धाची झळ स्वयंपाकघरापर्यंत कशी पोहोचली, हे ते चिटोरे मुकाट्याने सांगतात!

आपल्या महाराष्ट्रातही असा एक छांदिष्ट होऊन गेला. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्याच्या वस्तू गोळा केल्या. त्यांचा मुलगा राजा बालपणीच वारला होता. त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या त्या संग्रहालयात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत.

वेष्टनाचा इतिहास हा विश्वासाचाही इतिहास आहे. पूर्वी वाणी पोत्यातील जिन्नस तोलून कागदाच्या पुडीत बांधून देई. गिऱ्हाइकाचा विश्वास असे तो वाण्यावर. माल कोणी तयार केला, हे त्यास ठाऊक नसे. पुढे कारखानदार बंद पुड्यांवर आपले नाव व चिन्ह छापू लागले. चिन्ह ही जणू त्यांची सहीच! ज्यास वाचता येत नसे, तोही चित्र पाहून माल ओळखी. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईची पूड विकावयास काढली, तिच्यावर घोड्याची छाप होती. पुढे घोडा गेला आणि उंट आला. तुमच्या रंगपेटीवरील ‘कॅमल’ तोच! नागपुराहून मुंबईस गेलेल्या केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली ‘विको’ची स्थापना केली. ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ या लांबलचक नावाची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून ते आटोपशीर नाव बनले.

मुलांनो, आज घरी गेल्यावर बिस्किटांचा रिकामा पुडा नीट न्याहाळा. त्यावर किंमत, वजन, उत्पादकाचा पत्ता, तयार झाल्याचा महिना व वर्ष सापडेल. शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक एवढ्याशा कागदावरून आपला आहार, आपली भाषा आणि आपली महागाई जाणून घेईल. मात्र तो कागद तोवर कोणीतरी जपून ठेविला पाहिजे. इतिहास लिहिणारे पंडित पुढे येतील. त्याची साधने राखण्याचे काम सोळा वर्षांच्या मुलासही करिता येते.

स्वाध्याय
१. नित्याच्या वस्तू सर्वांआधी का नाहीशा होतात?
२. चिन्हास कारखानदाराची ‘सही’ का म्हटले आहे?
३. घरातील एक जुना डबा मिळवा. त्यावरून समजणाऱ्या पाच गोष्टी लिहा.