भुईचाफा : घरबागेंतील कंदफुलांचा एक पाठ

थंड मुलखांतील बागांत 'आयरिस' ह्या फुलझाडाच्या ठेंगण्या जाती आवडीनें लावितात. कॉकेशस, तुर्कस्थान व इराण येथील डोंगराळ भागांतल्या कांहीं जाती जेमतेम वीतभर उंच असतात. बर्फ वितळूं लागतांच जमिनीलगत त्यांचीं जांभळीं-निळीं फुलें उमलतात. पाकिटावरील चित्र पाहून आपल्याकडील गृहस्थही हे कंद घेतात. वडपे येथील अंगणांत ते लावावेत काय? आमचें उत्तर 'नाहीं' असें आहे, व त्याचें कारण शेतकरीबंधूंनीं नीट ध्यानांत घ्यावें.

प्रत्येक कंदास वर्षांतून एकदां विश्रांति लागते. परंतु ती आपल्या मूळ देशाच्या ऋतुमानाप्रमाणें लागते. ह्या आयरिसला उन्हाळ्यांत कोरडी जमीन व हिवाळ्यांत कित्येक आठवडे कडक थंडी पाहिजे. भिवंडी तालुक्यांत हिवाळा सौम्य, आणि कंद कोरडा राहावा त्याच महिन्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस! कंदांतील साठ्यावर एखादें फूल येईलही; पण श्रावणांत कंद कुजलेला सांपडेल.

त्याऐवजीं भुईचाफा लावावा. हा हळद-आल्याच्या कुळांतील असून त्याचें शास्त्रीय नांव 'केंफेरिया रोटुंडा' असें आहे; एंगलबर्ट केंफर ह्या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ लिनियसनें ह्या वर्गास तें नांव दिलें. चैत्र-वैशाखांत, एकही पान नसतां, कोरड्या भुईंतून पांढरीं-जांभळीं सुवासिक फुलें थेट वर येतात. एक फूल फार टिकत नाहीं, पण एकामागून एक येत राहतात. मागून येणारीं पानें वरून चित्रविचित्र हिरवीं व खालून जांभळट असतात.

वाफा.— भाताच्या खाचराची चिकण माती तशीच वापरूं नये. झाडाच्या विरळ सावलींत एक फूट उंचीचा गादीवाफा करून मातींत वाळू व पूर्ण कुजलेलें शेणखत मिसळावें. मोरीच्या पाण्याजवळ वाफा मुळींच नको. आमचा पहिला गड्डा तेथेंच सडला. ती जागा अळू व केळीस द्यावी.

लावणी.— बहर संपून पानांचे कोंब दिसूं लागले म्हणजे, मृगापूर्वीं, गड्डा उकरून त्याचे तुकडे करावे. प्रत्येक तुकड्यास निदान एक डोळा असावा. एकेक फूट अंतरावर, दोन इंच खोल लावून माती हलकेच दाबावी. पहिल्या उन्हाळ्यांत फूल न आल्यास निराश होऊं नये.

निगा.— पावसाळ्यांत तण काढावें व पाणी सांचूं देऊं नये. पानें कापूं नयेत; पुढील वर्षाच्या फुलांचें अन्न तींच तयार करितात. पाऊस सरल्यावर पानें पिवळीं पडूं लागलीं कीं पाणी बंद करावें.

विश्रांति.— येथेंच हमखास चूक होते. हिवाळ्यांत वाफा ओसाड दिसतो. झाड मेलें असें समजून कोणी तेथें मेथी पेरतो, कोणी रोज पाणी घालतो. उकरल्यानें डोळे मोडतात, ओलाव्यानें कंद कुजतो. म्हणून वाफ्याच्या चारी कोपऱ्यांस खुंट्या ठोकाव्या, वर भाताचा पेंढा पसरावा व फाल्गुनअखेर तो काढावा.

वडप्याच्या आसपास महामार्गालगतच्या अनेक शेतजमिनींवर गोदामें उभीं राहिलीं. पुष्कळांच्या घराभोंवतीं आतां मुरमाचा भराव आहे. अशा ठिकाणींही दोन हात लांबीचा गादीवाफा बाहेरची माती आणून करतां येतो. कंद मात्र रानांतून उपटून आणूं नये. ज्याच्या अंगणांत जुना गड्डा असेल त्याजकडून एक तुकडा मागावा, आणि आपला वाढल्यावर दुसऱ्यास द्यावा.