पोषणद्रावणाची तीव्रता आणि टीडीएस मीटर

हायड्रोपोनिक्स किंवा कोकोपीटवरील हरितगृह लागवडीत पिकाची संपूर्ण भिस्त उत्पादकाने तयार केलेल्या पोषणद्रावणावर असते. जमिनीत खत थोडे अधिक पडले तरी चिकणमातीचे कण व सेंद्रिय पदार्थ त्याचा काही भाग धरून ठेवतात. टाकीतील द्रावणाला असा आधार नसतो. द्रावण सौम्य राहिल्यास पाने फिकट होऊन वाढ खुंटते. ते तीव्र झाल्यास मुळांना पाणी शोषणे जड जाते, पानांच्या कडा करपतात आणि मुळे पाण्यात असूनही रोप दुपारी मान टाकते. त्यामुळे द्रावणाची तीव्रता रोज मोजावी लागते. या कामासाठी अनेक उत्पादक पिण्याचे पाणी तपासण्याचे, पेनाच्या आकाराचे टीडीएस मीटर वापरतात. उपकरण स्वस्त आहे आणि कामापुरते पुरेसेही आहे. मात्र ते नेमके काय मोजते हे ठाऊक नसल्यास त्यावरील आकडा फसवा ठरतो.

टीडीएस म्हणजे पाण्यातील एकूण विद्राव्य घन पदार्थ. नाव असे असले तरी मीटर कोणत्याही पदार्थाचे वजन करीत नाही. ते द्रावणाची विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, मोजते आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून पीपीएममधील आकडा दाखवते. हा गुणक सर्व मीटरांत सारखा नसतो, आणि बहुतेक घोटाळे येथेच होतात. काही मीटरांत तो ०.५ असतो, त्याचा आधार मिठाचे द्रावण हा आहे, कारण एक लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळवले असता वाहकता सुमारे २ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर भरते. इतर काही मीटरांत गुणक ०.७ असतो; नैसर्गिक पाण्याशी जुळावे म्हणून निवडलेल्या तीन सोडियम क्षारांच्या मिश्रणावर तो बेतलेला आहे. खतांचे मिश्रण या दोहोंपैकी एकाशीही जुळत नाही. म्हणून मीटरवरील पीपीएम हे खताचे खरे वजन नव्हे.

लेट्यूसला साधारणतः १.२ ते १.८ ईसीचे द्रावण मानवते. १.४ ईसीचे द्रावण ०.५ गुणकाच्या मीटरवर ७०० पीपीएम, तर ०.७ गुणकाच्या मीटरवर ९८० पीपीएम दाखवेल. समजा, तक्त्यात ९८० लिहिले आहे आणि उत्पादकाकडील मीटर ०.५ गुणकाचे आहे. तो आकडा गाठेपर्यंत खत मिसळत गेल्यास द्रावणाची ईसी जवळजवळ २ होईल. टोमॅटोने ही तीव्रता सहज सोसली असती. लेट्यूसच्या पानांच्या कडा मात्र जळण्याची शक्यता वाढते. यावर सोपा उपाय म्हणजे पीपीएमचा नाद सोडून तक्ता आणि नोंदवही दोन्ही ईसीमध्ये ठेवणे. आपल्या मीटरचा गुणक माहीत नसल्यास ते १४१३ मायक्रोसिमेन्सच्या प्रमाणित द्रावणात बुडवून पाहावे. आकडा ७०७ च्या आसपास आल्यास गुणक ०.५, आणि ९८९ च्या आसपास आल्यास ०.७ समजावा. मीटर बिघडले आहे की नाही, हेही याच चाचणीत कळते.

तापमानाचाही परिणाम होतो. द्रावण एक अंश सेल्सिअसने तापले की वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. उन्हाळ्यात टाकीतील द्रावण ३८ अंशांवर गेले, तर तापमान-दुरुस्तीची सोय नसलेले मीटर २५ अंशांच्या तुलनेत जवळपास चतुर्थांश जास्त आकडा दाखवते. सोय असलेल्या मीटरलाही द्रावणाचे तापमान घेण्यासाठी मिनिटभर अवधी द्यावा.

मूळ पाण्याचा हिशेब

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत विद्राव्य घन पदार्थ स्वीकारार्ह मानले जातात. दुसरा स्रोत नसल्यास ही मर्यादा २००० पर्यंत आहे. पिण्यास चालणारे विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणीही पोषणद्रावणासाठी अडचणीचे ठरू शकते. त्यातील सोडियम, क्लोराइड व बायकार्बोनेट मीटरवर खतासारखेच दिसतात, पण पिकाला त्यांचा खतासारखा उपयोग होत नाही. म्हणून खत मिसळण्यापूर्वी पाण्याची ईसी मोजून नोंदवावी.

द्रावण सौम्य करतानाही ही नोंद लागते. १०० लिटर द्रावणाची ईसी २.४ आहे, ती १.६ वर आणावयाची आहे आणि पाण्याची ईसी ०.४ आहे असे धरू. पाण्यातील क्षार विसरून हिशेब केल्यास ५० लिटर पाणी पुरेसे वाटते. परंतु तेवढे घातल्यावर ईसी १.७ च्या वरच राहते. प्रत्यक्षात सुमारे ६७ लिटर पाणी घालावे लागते.

मीटरला सर्वच खते दिसत नाहीत. युरिया पाण्यात विरघळतो, पण त्याचे आयन होत नाहीत; त्यामुळे वाहकता जवळपास वाढत नाही. १९:१९:१९ सारख्या विद्राव्य खतात नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असू शकतो. ठिबकमधून असे खत देणाऱ्याने आकडा कमी दिसतो म्हणून मात्रा वाढवू नये. जीवामृतासारख्या द्रावणातील पोषणद्रव्येही बऱ्याच अंशी सेंद्रिय रूपात बांधलेली असल्याने त्यांची ताकद या मीटरने जोखण्यात अर्थ नाही.

रोजच्या मोजणीत टाकीतील पातळी आणि ईसी एकत्र पाहावी. पातळी घटून ईसी वाढली असेल, तर पिकाने क्षारांपेक्षा पाणी अधिक घेतले आहे. कडक उन्हात असे घडते व तेव्हा साधे पाणी घालावे. दोन्ही घटल्यास खतयुक्त द्रावण घालावे. मात्र ईसी ठरलेल्या पातळीवर स्थिर आहे म्हणून आतील प्रमाणही तेच आहे असे मानू नये. पीक नत्र व पालाश झपाट्याने उचलते, तर सोडियम व क्लोराइड बऱ्याच अंशी टाकीतच उरतात, आणि मीटर या साऱ्यांची एकच बेरीज दाखवते. त्यामुळे फिरते द्रावण ठरावीक काळाने पूर्ण बदलावे. मूळ पाणी जितके खारे, तितका हा काळ कमी ठेवावा. काढलेले द्रावण विहिरीच्या वा नाल्याच्या दिशेने न सोडता, पाणी मिसळून क्षार सोसणाऱ्या जमिनीवरील पिकाला द्यावे.