डेमोआधी कोरडं पडलेलं तोंड

आजचं वाचन : गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ४६.

सोमवारी क्लायंटसमोर माझा पहिला डेमो होता. कोड रात्रीच तपासला होता, तरी तोंडाला कोरड, हात गार. अर्जुनाचंही हेच झालं ना? तोंड सुकलं, अंग थरथरलं, गांडीव हातातून निसटू लागलं. (त्याच्यापुढे आप्त उभे होते, माझ्यापुढे फक्त स्क्रीन शेअर. बरोबरी नाहीच.) पण अर्जुन हे लपवत नाही, सारथ्याला सांगतो. आणि श्रीकृष्ण या सगळ्या श्लोकांत एकदाही मध्ये बोलत नाहीत. उपदेश नंतर, आधी ऐकणं.

मीही टीम लीडला मेसेज केला, "जाम भीती वाटतेय." तिने लगेच फोन केला. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "पहिली दोन वाक्यं मला म्हणून दाखव."

म्हटली. तिसरं थेट क्लायंटसमोरच आलं.