साहेबांना सांगणार कोण?

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात हिंगणी ओलांडून बोरधरणाकडे निघालं, की कपाशी-तुरीच्या शेतांना लागूनच जंगल सुरू होतं. मध्ये ना भिंत, ना दरी. बोर अभयारण्य 1970 सालचं. 2014 मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. मूळ क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. एवढ्या जागेत वाघ मावत नाहीत, ते बाहेर पडतात, आणि बाहेर लगेच कुणाचं तरी शेत असतं. हिंगणीच्या चहाच्या टपरीवर बसणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

जुलै 2017 मध्ये ब्रह्मपुरी भागात माणसांवर हल्ले करणारी एक तरुण वाघीण पकडली गेली आणि महिनाअखेरीस बोरच्या जंगलात सोडली गेली. तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. वाघीण इथे रमली नाही. वर्धा, नागपूर, अमरावती जिल्ह्यांच्या शिवारांतून ती सुमारे अडीच महिने भटकली, पाचशेच्या आसपास किलोमीटर चालली. वाटेत तिच्या हल्ल्यांत पुन्हा माणसांचा बळी गेला. तिला ठार मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात पोहोचलं. शिकारी, वनकर्मचारी, वन्यजीवप्रेमी, पत्रकार सगळे तिच्या मागावर होते. ऑक्टोबरच्या मध्यात कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरीच्या शिवारात ती मेली. बंदुकीच्या गोळीने नव्हे. शेताच्या कुंपणात बेकायदा सोडलेल्या विजेच्या तारेने.

ती कुठे आहे हे कॉलर सांगत होती. कोणत्या शेतात आज रात्री करंट आहे, हे सांगणारी कॉलर अजून निघालेली नाही. ती माहिती गावात असते. रानडुक्कर आणि रोही यांनी उभं पीक एका रात्रीत झोपवलं, की काही शेतकरी आकडा टाकून कुंपणात करंट सोडतात. शेजाऱ्याला हे ठाऊक असतं, जागलीला जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. कारण पाय तिथे त्यांचाच पडायचा असतो. वनखात्याला मात्र कुणी सांगत नाही. सांगणारा शेजाऱ्याशी वैर घेतो, पोलिसांच्या चौकशीत सापडतो, आणि पिकाच्या नुकसानीचा पंचनामा तर तरीही वेळेवर होतोच असं नाही. मग कशाला तोंड उघडा?

नेतृत्वातल्या अंधाऱ्या जागांबद्दल बोलताना सगळा भर नेत्याच्या नजरेवर दिला जातो. साहेबांना दिसलं नाही, साहेबांनी लक्ष दिलं नाही, वगैरे. पण बहुतेक वेळा ती गोष्ट कुणाला ना कुणाला दिसत असतेच. प्रश्न असतो तो सांगण्याच्या किमतीचा. ज्या कार्यालयात सांगणाऱ्याला किंमत मोजावी लागते, तिथे प्रमुखाची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी दिव्याखाली अंधार राहतोच.

वाघांच्याच खात्यातलं याहून मोठं उदाहरण राजस्थानातलं आहे. सरिस्का व्याघ्र प्रकल्पाच्या कागदोपत्री गणनेत 1999 ते 2003 दरम्यान दरवर्षी 26-27 वाघ होते. 2004 च्या गणनेत 16. त्याच हिवाळ्यात जंगलात एकही वाघ सापडेना. मार्च 2005 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या तपासणीनेही तेच सांगितलं. सगळे वाघ शिकाऱ्यांनी संपवले होते. त्यानंतर पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमलं. त्यांच्या अहवालातला एक तक्ता अंगावर येतो. एका ओळीत गणनेचे आकडे, जवळपास स्थिर. दुसऱ्या ओळीत त्याच जंगलातल्या कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष दिसलेले वाघ: 1998 मध्ये 17, मग झपाट्याने घसरण, आणि 2002 पर्यंत शून्य.

म्हणजे माहिती लपलेली नव्हती. ती खात्याच्याच कागदांत होती. फक्त दोन कागद शेजारी ठेवून बघावेत असं वर कुणाला वाटलं नाही. पायाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत सदोष होती, यावर तज्ज्ञ आधीपासून बोलत होते. तरी खरा घोटाळा पद्धतीपेक्षा सवयीचा होता. गेल्या वर्षी 26, तर या वर्षी 9 लिहायचे कुणी? आकडा घसरला की खुलासा मागितला जातो, स्थिर राहिला की कुणी काही विचारत नाही. बीटवरच्या वनरक्षकाला हा हिशेब शिकवावा लागत नाही. पुढे कॅमेरा ट्रॅप आणि नव्या सांख्यिकी पद्धती आल्या, आणि 2001-02 च्या गणनेत 3,642 असलेला देशाचा आकडा 2008 मध्ये जाहीर झालेल्या अंदाजात 1,411 वर आला. पद्धतच बदलल्याने दोन्ही आकडे काटेकोरपणे तोलता येत नाहीत हे खरं. पण एवढी तफावत पोटात घेऊन खातं वर्षानुवर्षं सुखाने झोपलं होतं, हेही खरंच.

शाळा, पतसंस्था, रुग्णालय, कारखाना, कुठेही हा तक्ता मांडून बघता येतो. पटावरची हजेरी आणि खिचडीच्या ताटांची संख्या. कर्जवसुलीचा टक्का आणि जुनं कर्ज फेडण्यासाठी दिलेली नवी कर्जं. तक्रारपेटीतल्या चिठ्ठ्या आणि राजीनामे. एक आकडा वर पाठवण्यासाठी तयार होतो, दुसरा कामाच्या ओघात आपसूक जमा होतो. प्रमुखाने दुसऱ्यावर जास्त विश्वास ठेवावा. पहिल्याला नटवायला माणसं बसवलेली असतात.

सांगण्याची किंमत जगाने सगळ्यात महाग मोजली ती 27 मार्च 1977 रोजी, टेनेरिफच्या धावपट्टीवर. दाट धुकं होतं. डच कंपनी केएलएमच्या जंबो विमानाने उड्डाणासाठी धाव घेतली, तेव्हा पॅन ॲमचं विमान अजून त्याच धावपट्टीवर होतं. केएलएमच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली आणि त्याने ती बोलूनही दाखवली: समोरचं विमान बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन हा कंपनीचा नामांकित वैमानिक, इतरांना शिकवणारा, जाहिरातीत झळकलेला. त्याने ठामपणे उत्तर दिलं आणि पुढे गेला. 583 माणसं मेली. अशा अपघातांच्या अभ्यासातून 1979 मध्ये नासाच्या कार्यशाळेत एका नव्या प्रशिक्षणाची पायाभरणी झाली. त्यात कनिष्ठाला शंका ठासून मांडायला शिकवतात आणि कॅप्टनला ती ऐकून थांबायला. दुसरा भाग जास्त अवघड असावा. आपल्याकडे तर साहेब बोलत असताना मध्ये बोलणं हा शिष्टाचाराचा भंगच समजला जातो, आणि होयबांना बढत्या मिळतात हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

ही किंमत कमी कशी करायची, याची उत्तरं वर्ध्याच्या मातीतच आहेत.

हिंगणघाटला 1914 मध्ये जन्मलेले मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, वरोऱ्यात वकिली करत होते आणि नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. सफाई कामगारांची संघटना त्यांनी बांधली होती. त्यांच्या मागण्यांची चर्चा चालू असताना सवाल आला, की डोक्यावरून मैला वाहण्याचं काम काय असतं हे तुम्हाला काय माहीत? बाबांनी जवळपास नऊ महिने स्वतः मैला वाहिला. त्याच काळात पावसात गटाराकाठी पडलेला तुळशीराम हा कुष्ठरोगी त्यांना दिसला आणि ते घाबरून पळाले. कशालाच न भिणारा अशी ज्यांची ओळख, तेच पळाले. नंतर ते परत गेले, त्याच्यावर आडोसा घातला, त्याला खाऊ घातलं. आनंदवनाची मुळं तिथे आहेत. बाबांनी ही भीती लपवली नाही, ते ती जाहीरपणे सांगत राहिले. पुढाऱ्याने स्वतःचा असा प्रसंग उघड सांगितला, की हाताखालच्यांनाही आपली भीती सांगायची सोय होते.

दुसरं उत्तर गडचिरोलीतलं, पण माणसं वर्ध्याशी जोडलेली. डॉ. अभय बंग यांचं बालपण सेवाग्रामच्या वातावरणात गेलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सहून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासी सरकारी दवाखान्यात का येत नाहीत, यावर तयार उत्तर होतं: अज्ञान, अंधश्रद्धा. बंग दांपत्याने लोकांनाच विचारलं. उत्तरं साधी निघाली. इमारत मोठी, भीती वाटते. नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही मढ्याला पांढरं गुंडाळतो. आणि तुमच्या दवाखान्यात देव नाही. मग झोपड्यांच्या वस्तीसारखा दवाखाना उभा राहिला, नातेवाइकांसह राहण्याची सोय झाली, आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात हे सापडलं नसतं.

राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं मोजण्यात गुंतलेल्या आरोग्ययंत्रणेला गावातली प्रत्येक बाई माहीत होती, तिचं दुखणं माहीत नव्हतं. कारण ते कुणी विचारलं नव्हतं, आणि पुरुष डॉक्टरला ते सांगणार कोण?

एवढं पाहू शकणारा माणूसही स्वतःच्या बाबतीत चुकतो. 1995 मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला. इतरांच्या आरोग्याचं मोजमाप करणारा डॉक्टर स्वतःचा आहार, ताण आणि कामाचा हव्यास यांच्याकडे बघायचं विसरला होता. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी ते मोकळेपणाने लिहिलं आणि मराठी घराघरांत ते वाचलं गेलं. संस्थाप्रमुखांनी तर ते वाचावंच. रात्री अकराला मेल पाठवणारा प्रमुख स्वतःला कष्टाळू समजतो. त्याच्या मेलला रात्री सव्वाअकराला उत्तर देणाऱ्या माणसाचं रक्त किती आटतंय, हे त्याच्या हिशेबात कुठेच नसतं.

प्रत्यक्ष कामात काय करायचं, हे या उदाहरणांतूनच निघतं. ‘सगळं ठीक ना?’ हा प्रश्न टाकून द्यावा. त्याला ‘हो साहेब’ एवढंच उत्तर येतं. ‘या आठवड्यात काय अडलं?’ असं विचारलं की माणूस विचार करतो. पाहणीला जाताना गाड्यांचा ताफा आणि हारतुरे नकोत. फेरी सांगून गेली, तर त्या दिवशी चुना मारलेला असतो, बाकी काही दिसत नाही. बदली झालेला, निवृत्त होणारा, राजीनामा दिलेला माणूस जाता जाता खरं बोलतो. त्याच्याबरोबर निवांत अर्धा तास बसावं. आपल्या अधिकाराच्या साखळीबाहेरचा, पगार किंवा बढतीसाठी आपल्यावर अवलंबून नसलेला एखादा तोंडाळ मित्र जपावा. आणि वाईट बातमी आणणाऱ्यावर पहिल्यांदा ओरडायचा मोह झाला, तर एवढं ध्यानात असावं, की ऐकणारे बाकीचे दहाजण त्या क्षणी गप्प बसायचं ठरवत असतात.

यात चापलुसीचा धोकाही आहे. साहेबांना खरं आवडतं असं कळलं, की सहकाऱ्यांच्या चहाड्या ‘खरं’ म्हणून आणून देणारेही तयार होतात. कुणाबद्दल बोललं जातंय आणि कशाबद्दल, हा फरक प्रमुखाने करावा. माणसाबद्दलची तक्रार दोन्ही बाजू ऐकून. कामाबद्दलची तक्रार जागेवर जाऊन.

हे वाचणारे जे कुणी दहा-बारा माणसांचे साहेब असतील, त्यांनी येत्या बैठकीत एवढंच करून बघावं: स्वतः शेवटी बोलावं, सुरुवात सगळ्यात नव्या माणसापासून करावी, आणि त्याने काही अडचणीचं सांगितलं तर पुढच्या बैठकीत सर्वांत आधी त्याचं काय झालं ते सांगावं.